तुटक रेघ

आमच्या घरातल्या कुठल्याही फोटोवर बाबांची एकच तक्रार असायची, "स्केल कुठंय?" माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी शेवटच्या पानापर्यंत निमूटपणे पाहिला आणि म्हणाले, "फोटो चांगले आहेत. पण जावई नक्की किती उंच आहे ते काही कळत नाही." बाबा उत्खनन खात्यात ड्राफ्ट्समन होते. जमिनीतून निघालेली खापरं, मणी, चुली, भिंतींचे पाये, सांगाडे, जे निघेल ते मापात कागदावर उतरवायचं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. वस्तूच्या शेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी ठेवलेली नसेल तर तो फोटो त्यांच्या लेखी फुकट गेला.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमचं पुण्याला जाणं रद्द झालं. मुलगी आठ वर्षांची होती आणि रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. तिची समजूत काढायला म्हणून आम्ही गाडीने इथल्याच, डच मुलखातल्या ड्रेन्थ भागात हुनेबेडं बघायला गेलो. हुनेबेड म्हणजे प्रचंड धोंडे एकावर एक टेकवून केलेली थडगी, पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची. तिथून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात दादाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडे, ते खिडकीशी बसले होते. मी फोन धोंड्यांवरून फिरवला. ते काय म्हणणार हे मला ठाऊकच होतं आणि ते तेच म्हणाले. तर माझी मुलगी धावत गेली, हात अंगाला चिकटवून धोंड्यापुढे गवतात ताठ आडवी झाली आणि ओरडली, "वन ट्वेंटी-सिक्स सेंटिमीटर्स!"

बाबा इतके हसले की दादा आतून बघायला आला.

मग तिने शाळेत शिकलेलं त्यांना सांगितलं, अर्धं डच, अर्धं इंग्रजी, मध्ये मी दुभाषी. ही थडगी बांधणाऱ्या लोकांचं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून त्यांच्या भांड्यावरून त्यांना नाव दिलंय, भांड्याचं तोंड नरसाळ्यासारखं म्हणून नरसाळ्याच्या भांड्याचे लोक. बाबा खूश झाले. म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही राजांच्या आधी भांडीच. आमच्याकडे पण तसंच आहे बरं का. सांगू तुला?"

अशा रितीने आमची रविवारची शाळा सुरू झाली. आमचे सकाळचे साडेदहा, म्हणजे बाबांचं जेवण आटोपलेलं. उइटहॉर्नच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला लागून जेवणाचं टेबल आहे, तिथे भिंतीला टेकवून फोन ठेवायचा. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायचं ते इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. बाबांना मराठी आणि खोदकामावरचं इंग्रजी. तरी दोघांचं झकास जमायचं. दख्खनच्या जुन्या लोकांवर मुलांसाठी एक छोटं पुस्तक लिहायचं हे निवृत्तीपासून बाबांच्या मनात होतं. ते आता कामाला लागले. आठवडाभर लिहायचं आणि रविवारी नातीला सांगून पाहायचं. ती जिथे जांभई देई तिथला मजकूर कापायचा.

ती पहिल्या रविवारपासून राजा मागत होती. "आजोबा, व्हेन इज द किंग कमिंग?"

"येईल की. हजारएक वर्षं थांब."

हजार वर्षं म्हणजे आमचा अख्खा हिवाळा. घोड नदीच्या काठी पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं, तिथे बाबांनी तरुणपणी खोदकामाचे अनेक हिवाळी मोसम काढले होते. त्या टेकाडातले लोक तीन हजार वर्षांपूर्वीचे. जोर्वे नावाच्या गावात त्यांची भांडी पहिल्यांदा सापडली म्हणून त्यांना जोर्वे लोक म्हणतात. ते जव पिकवायचे, गुरं पाळायचे, कुडाच्या भिंतींना माती लिंपून चौकोनी घरं बांधायचे. घरातलं माणूस गेलं की गावाबाहेर नेत नसत, घराच्या जमिनीतच, चुलीपासून हाताच्या अंतरावर पुरायचे. बाळ गेलं तर दोन मातीचे कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि बाळ आत. मोठं माणूस गेलं तर त्याचे पाय घोट्यापासून कापून मग पुरायचे.

"व्हाय?" माझी मुलगी टेबलावर जवळजवळ चढलीच.

"नक्की कुणालाच माहीत नाही. बहुतेक त्याने उठून कुठे जाऊ नये म्हणून. घरातच राहावं म्हणून." मग त्यांनी डोळा बारीक करून फोनमधून माझ्याकडे पाहिलं. "तुझी आई लग्न करून विमानात बसली तेव्हा मला हे सुचायला हवं होतं."

आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरातून सायकल काढली की मुलगी माझे पाय धरून बसायची.

पुस्तकासाठी चित्रं हवी होती. बाबांनी जुन्या वह्यांमधून पेन्सिलीने तेवीस चित्रं काढली, पण त्यांचा हात आता थरथरायचा, शाईची रेघ सरळ येईना. शाईचं काम मी मागून घेतलं. मी कमर्शियल आर्ट शिकले ते मुळात बाबांमुळेच. बारा वर्षांची असताना त्यांनी मला ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ ओढायला शिकवली होती. इथे डिपेंडंट व्हिसावर आल्यावर पहिली काही वर्षं हात रिकामे राहिले. नंतर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची कामं मिळू लागली. आपल्या रेघेचा मला थोडा माजही आहे, खोटं कशाला सांगू?

बाबा प्रत्येक चित्रावर मोजपट्टी ठेवून फोटो पाठवायचे. नवरा त्याच्या माळ्यावरच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर ते बरोबर मापात छापून द्यायचा. त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवून मी शाईने गिरवायचे. शाळा बंद होत्या, संध्याकाळनंतर बाहेर पडायला बंदी होती, मुलगी दिवसभर माझ्या कोपराशी. या कामाचा बाबांचा एक नियम होता. तो मला तेव्हापासून पाठ होता, बाराव्या वर्षापासून. भांड्याचा जेवढा भाग खरोखर हातात आहे तेवढ्यालाच सलग रेघ. जो फुटला, हरवला, जो असावा असं आपल्याला वाटतं, त्याला तुटक रेघ. खापराचा काठ चांगला असेल तर त्याच्या वळणावरून अख्खं भांडं काढता येतं, पण काढलेलं ते तुटकच काढायचं. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथपर्यंत आम्हाला माहीत आहे आणि इथून पुढे आमचा अंदाज आहे. या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत, साहेबांचंसुद्धा.

सतराव्या चित्रात तेच बाळाचे दोन कुंभ होते. एक अख्खा. दुसऱ्याची बुडापासून गळ्यापर्यंतची एक बाजू गेलेली, तिथे बाबांनी पेन्सिलीने तुटक रेघ काढली होती. मी अख्खा कुंभ शाईत पूर्ण केला. मुलगी शेजारी बसून बघत होती. तिने त्या उघड्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाली (इथल्या मुलांसारखं ती आईला 'मामा' म्हणते), "मामा, इट्स ओपन. द रेन विल कम इन."

"अगं, ते मातीच्या आत आहे. तिथे कसला पाऊस?"

"बट इट्स ओपन."

बाहेर आठवडाभर पाऊस लागून होता. कोण जाणे मला काय झालं. मी पेन उचललं आणि त्या तुटक रेघेवरून एका दमात सलग रेघ ओढली, बुडापासून गळ्यापर्यंत. फार सुंदर आली. कुंभ मिटला. मुलीने सुस्कारा सोडला आणि ती आपल्या खेळाला गेली.

चित्रांची गुंडाळी मी पुठ्ठ्याच्या नळीत घालून पोस्टाने पाठवली. स्कॅन चालणार नव्हते, बाबांना मूळ कागद हाताशी हवे होते. एरवी दहा दिवसांत जाणारी नळी त्या वर्षी जानेवारीत निघून मार्चअखेर पोचली. त्या रविवारी शाळेच्या आधी बाबांनी मुलीला जरा थांबायला सांगितलं आणि मला बोलावलं. एरवी ते चित्रांचं तोंड भरून कौतुक करत नसतच, पण त्या दिवशी त्यांचा चेहराच वेगळा होता.

"सतरा नंबर. इथे तुटक रेघ होती."

आणि मी म्हणाले, "बाबा, फोटोत दिसलीच नाही हो. फार फिकट होती."

हे खोटं होतं. का बोलले, आजही सांगता येत नाही. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, चोरी पकडल्यावर शाळेतल्या पोरीसारखी थाप मारून मोकळी झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाबा म्हणाले, "बाकी बावीस चित्रांत तुला याहून फिकट रेघा दिसल्या."

मी टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागले.

"ऐक. तो कुंभ नांगराने फुटलेला नाही, पुरानेही नाही. माझ्या कुदळीने फुटलाय. मी सव्वीस वर्षांचा होतो, घाई झाली होती. तुकडे मातीबरोबर घमेल्यातून ढिगावर गेले, चाळून पाहिले तरी मिळाले नाहीत. तीन हजार वर्षं त्या आईने नीट मिटवून ठेवलेलं मी उघडलं. तेव्हापासून जितक्यांदा ते चित्र काढलं तितक्यांदा तिथे तुटक रेघ काढली. आणि तू ते मिटवून टाकलंस. वर खोटं बोलतेस."

इथे मी चुकले म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण खाण तशी माती. माझ्याही नाकावर माशी बसत नाही. मी म्हणाले, "मेलेल्या पोराची एवढी कळकळ आहे तुम्हाला. जिवंत पोरं दरवर्षी हिवाळाभर कुणाच्या जिवावर टाकून जात होतात? आईने एकटीने काढले ते दिवस. त्याला कुठली रेघ?"

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाबांनी हातातला सतरा नंबर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तिला दे फोन."

त्यानंतर शाळा चालू राहिली, पण आमचं बोलणं थांबलं. साडेदहाला फोन लावायचा, मुलीपुढे ठेवायचा आणि आपण स्वयंपाकघरात जायचं, असा माझा बाणा. मी रागावलेय हे त्यांना कळावं म्हणून पहिल्या रविवारी तर मी मुद्दाम चटणीचा मिक्सर लावला, नारळ संपला तरी नुसताच फिरवत ठेवला. माझं मलाच आतून खात होतं. पुढच्या रविवारी सांगू, रेघ दिसली होती म्हणून सांगून टाकू, असं रोज ठरवत होते. घाई काय आहे असं वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी मिक्सर लावला नाही. भाजी चिरत ऐकत होते. अखेर राजा आला होता. पाऊस तुटला, घोड नदीकाठचे ते लोक चौकोनी घरं सोडून गोल झोपड्यांत आले आणि शेवटी गाव टाकून निघून गेले. मग लोखंड आलं, विदर्भात धोंड्यांची वर्तुळं रचून त्यात घोडे पुरणारे लोक आले, गोदावरीकाठी अश्मक आणि मूलक ही राज्यं झाली, आणि आता सातवाहनांची पाळी होती. बाबा नाणेघाटातली लेणी सांगत होते. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते, राजाचा, राणीचा, राजपुत्रांचा. आता वर नावं तेवढी आहेत आणि खाली पाय.

"ओन्ली फीट?" मुलगी म्हणाली. इतके महिने वाट पाहून असा राजा मिळाल्यावर ती रडवेलीच झाली होती.

"फक्त पाय. बघ, गंमत आहे की नाही? त्या गरीब लोकांचं सगळं मिळालं, पाय मिळाले नाहीत. राजांचे नुसते पायच उरले."

"देन यू ड्रॉ द टॉप, आजोबा. विथ अ डॉटेड लाइन."

बाबा म्हणाले, "नाही काढता येत, बाळा. काठाच्या तुकड्यावरून भांडं काढता येतं, कारण भांडं गोल असतं. माणूस गोल नसतो. पायांवरून त्याचं तोंड नाही काढता येत."

मी सुरी खाली ठेवली होती. तेव्हा बाहेर येऊन फोनपुढे उभी राहिले असते तरी चाललं असतं, काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मी परत भाजी चिरायला घेतली.

गुरुवारी दादाचा फोन आला, बाबांना ताप आहे. रविवारी शाळा झाली नाही. सोमवारी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे खाट मिळेपर्यंत दादाने किती जणांचे पाय धरले ते तो आजही सांगत नाही.

इथून पुढचं मला नीट सांगायचं आहे. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, विमानं बंद होती, जाताच आलं नाही. मैत्रिणींना, सासूबाईंना, शेजारच्या डच आजींना, सगळ्यांना मी हेच सांगितलं आहे. खरं असं की पहिले चार दिवस विमानं होती. एक तिकीट मी पडद्यावर उघडून ठेवलं होतं. नवरा म्हणाला, "तू जा, मी बघतो पोरीचं." दादा म्हणाला, "येऊन काय करणार आहेस? आत कुणालाच सोडत नाहीत. तुलाच काही झालं तर?" परतीचं काय, मुलीचं काय, हे हिशेब मी करत बसले, तिकिटाची ती चौकट उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. पाचव्या दिवशी भारतातून इकडे येणारी विमानं बंद केल्याची बातमी आली. ती ऐकून मला रडू कोसळलं, आणि त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. कारण आता मला ठरवायचं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या गावावरून एरवी विमानं इतकी खाली जातात की अंगणात बोलणं थांबवावं लागतं. नवीन राहायला आलो तेव्हा आम्ही वैतागायचो. त्या दिवसांत आकाश गप्प होतं. मधूनच एखादं मालवाहू विमान गेलं की मी काम टाकून बाहेर यायचे आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचे.

एका दुपारी दवाखान्यातल्या एका सिस्टरने दया येऊन तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. ती नखशिखांत प्लास्टिकमध्ये होती, नुसते डोळे दिसत होते. "दोन मिनिटं हं ताई," ती म्हणाली. बाबांच्या तोंडावर मास्क होता. बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते आणि त्यांनी मला ओळखलं. दोन मिनिटं मला मिळाली होती. मी काय बोलावं? "बाबा, जेवलात का?" म्हणाले. "इथे ऊन पडलंय आज" म्हणाले. "ती शाळेत गेलीय, शाळा सुरू झाल्या" म्हणाले. रेघ दिसली होती, हे तीन शब्दांचं वाक्य तेवढं राहिलं होतं. वाटलं, आत्ता हे बोललं म्हणजे निरोप घेतल्यासारखं होईल. नको. घरी आले की बोलू.

तेवढ्यात बाबांनी हात थोडा उचलला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून दूर केली, बोटभर अंतरावर, आणि हात तसाच धरला. मग सिस्टर म्हणाली, "बास आता," आणि पडदा काळा झाला.

त्यांनी पाणी मागितलं असेल, असं दादा म्हणतो. नवरा म्हणतो, ते स्केल विचारत होते, तुला हसवायला. मी त्या दोन बोटांचा विचार इतक्यांदा केला आहे की मनात आणलं तर त्याचा हवा तो अर्थ लावून घेईन. पण मला माहीत नाही.

दोन दिवसांनी बाबा गेले. त्यांना घरी आणू दिलं नाही. दवाखान्यातून परस्पर विद्युतदाहिनीकडे. दादा गेटाबाहेर उभा होता, गाडीतून उतरवताना लांबून त्याला एक निळी पिशवी दिसली. गेलेल्या माणसाला चुलीशेजारी ठेवून घेणाऱ्या लोकांची चित्रं ज्याने जन्मभर काढली, त्याला स्वतःच्या घराचा उंबरासुद्धा मिळाला नाही. ते मी इथे स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ऐकलं. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तशीच बसलेली होते. तिने दप्तर काढलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि दोन्ही हातांनी माझे घोटे धरून ठेवले.

पुण्याला जाणं झालं ते दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात. बाबांचं टेबल दादाने तसंच ठेवलं होतं. पुस्तकाचा मजकूर पूर्ण होता, बावीस चित्रं फाइलमध्ये क्रमाने लावलेली. सतरावं तेवढं ड्रॉइंगच्या लाकडी पाटावर चिकटवलेलं, वर भिंग, शेजारी अर्धं ब्लेड.

ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसत नाही. ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलकेच खरवडावी लागते, जोर दिला की कागद फाटतो. बाबांनी माझ्या सलग रेघेवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या, कुठे कुठे खरवडून रेघ तोडायची त्याच्या. एकोणीस खुणा. बुडाकडून सुरुवात केली होती आणि अकरा ठिकाणी रेघ तोडून झाली होती. पुढे आठ खुणा तशाच, आणि माझी काळी सलग रेघ गळ्यापर्यंत.

"रोज चहा झाला की बसायचे," दादा म्हणाला. "एक जागा खरवडायची, की ब्लेड खाली. मी म्हटलंसुद्धा, बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे, एकदाच उरका ना. तर म्हणाले, घाई नाही. म्हणाले, रेघ फार चांगली आलीय, एकदम तोडवत नाही."

मी तो कागद पाटासकट पिशवीत घातला आणि मांडीवर धरून विमानातून इकडे आणला.

पाऊस चालू असलेल्या एका रविवारी साडेदहाला तो टेबलावर ठेवला. मुलगी आता दहा वर्षांची होती. ती समोर बसली. मी ब्लेड हातात घेतलं आणि इतके दिवस कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं, मराठीत, सरळ. "ही तुटक रेघ मला दिसली होती. दिसली नाही असं मी आजोबांना खोटंच सांगितलं. आणि खरं सांगायचं राहून गेलं."

"आय नो," ती म्हणाली. "आय वॉज हिअर. आय टोल्ड हिम."

"कधी?"

"तू मिक्सर लावला होतास तेव्हा. आय सेड, मामा सॉ इट, बट शी क्लोज्ड इट बिकॉज द रेन वुड कम इन. बिकॉज आय सेड सो."

मी विचारलं, "मग आजोबा काय म्हणाले?"

ती एरवी मराठीत उत्तर देत नाही. हे मात्र तिने त्यांच्याच शब्दांत, त्यांच्यासारखंच थांबत सांगितलं. "म्हणाले, असं होय? मग हळूहळू उघडतो."

आम्ही दोघींनी कागदाची टोकं धरली. बाबांच्या बाराव्या खुणेवर मी ब्लेड आडवं टेकवलं आणि अगदी हलक्या हाताने खरवडलं. शाईची पूड तिने फुंकरीने उडवली. कागद नखाने घोटून सारखा केला. मग ब्लेड खाली ठेवलं आणि पाट कपाटावर ठेवून दिला. उरलेल्या सात खुणा उद्यापासून, रोज एक.